टेस्ला कॉइलच्या माथ्यावरचे कडे

टेस्ला कॉइलचे सगळे भाग एका वयाचे नाहीत. निकोला टेस्लाने ही रचना १८९१ साली जगापुढे मांडली. तिच्यातल्या तारेच्या गुंडाळ्यांची विद्या फॅरडेच्या १८३१ च्या प्रयोगांपर्यंत मागे जाते. पण सर्वांत वर बसवलेला धातूचा गोळा किंवा कडे, घरी कॉइल बांधणारी मंडळी ज्याला ‘टॉपलोड’ म्हणतात, ते टेस्लाच्या शोधाहून जवळजवळ दीडशे वर्षांनी वडील आहे. छत्रपती संभाजीनगरात कुणी अशी कॉइल बांधायला घेतली, तर बाकीच्या साहित्यासाठी फार हिंडावे लागत नाही. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींमुळे शहरात मोटार रिवाइंडिंगची दुकाने आहेत, तिथे इनॅमलची तार किलोवर मिळते. सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात असतो. अडते ते माथ्यापाशी. तिथे स्टीलची परात उपडी घालावी, दोन अर्धगोल वाडगे तोंडाला तोंड लावून गोळा करावा, की स्वयंपाकघरातल्या चिमणीचा ॲल्युमिनिअमचा लवचीक पाइप वळवून कडे तयार करावे? आणि जे ठेवू त्याची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची कुवत, किती, हे कसे मोजावे? आज या प्रश्नांची उत्तरे दोन-तीन सूत्रांत मिळतात. मात्र त्या सूत्रांमागे दोन वेगळ्या गरजा उभ्या आहेत. माथ्याने विद्युतभार भरपूर साठवला पाहिजे, आणि तो वेळेआधी हवेत सांडताही कामा नये. पहिली गरज आकारमानाची, दुसरी वक्रतेची. या दोन गरजा माणसाला वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या देशांत उमगल्या. त्या एकत्र कशा आल्या, हे पाहण्यासाठी आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने गंधकाचा गोळा आसावर फिरवून, हाताने घासून वीज निर्माण केली आणि १६७२ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. गोळा इथपासून या गोष्टीत आहे, पण हा घासण्याचा गोळा होता, साठवण्याचा नव्हे. घासणे आणि साठवणे वेगळे व्हायला विजेचे वहन कळावे लागले. ते काम इंग्लंडमधल्या स्टीफन ग्रेने १७२९ साली केले. व्यवसायाने कापड रंगवणारा हा गृहस्थ काचेच्या नळीतली वीज दोरीवरून शेकडो फूट दूर नेऊ लागला. त्याने केलेला एक प्रयोग फारसा कुणाच्या स्मरणात नाही, आपल्या विषयात मात्र त्याला मानाचे पान द्यायला हवे. ग्रेने ओकच्या लाकडाचे दोन सारखे ठोकळे घेतले, एक भरीव आणि एक पोकळ. दोन्हींना वीज दिली, तर परिणाम सारखाच दिसला. वीज वस्तूच्या पोटात नसते, पृष्ठभागावर असते, याची ही पहिली खूण. आज आपण टॉपलोड भरीव धातूचा ओतत नाही, पातळ पत्र्याचा किंवा नुसत्या चिमणीच्या पाइपचा करतो, त्याचे मूळ त्या दोन लाकडी ठोकळ्यांत आहे. पुढे १७४० च्या सुमारास विटेनबर्गचा प्राध्यापक गेओर्ग माथियास बोस याने फिरत्या काचगोळ्याजवळ रेशमी दोऱ्यांनी लोखंडी नळी टांगली. घासून निर्माण झालेली वीज त्या नळीवर गोळा होई आणि तिच्यातून मोठी ठिणगी काढता येई. जमिनीपासून तोडलेला, हवेत टांगलेला, केवळ वीज धरून ठेवण्यासाठी असलेला हा धातूचा देह, टॉपलोडचा खरा पूर्वज हाच.

दुसरी गरज अटलांटिक महासागरापलीकडे ध्यानात आली. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनच्या मित्रमंडळात थॉमस हॉपकिन्सन नावाचा एक वकील होता. लोखंडी गोळ्याला सुई जोडली तर टोकातून अधिक जोरकस ठिणगी निघेल, अशा अपेक्षेने त्याने प्रयोग केला. घडले उलटेच. ठिणगी जवळपास नाहीशीच झाली, वीज सुईवाटे गुपचूप निघून जात होती. टोकांची ही शक्ती आपल्याला हॉपकिन्सनने दाखवली, हे फ्रँकलिनने मोकळेपणाने नोंदवून ठेवले, तरी इतिहासाने श्रेय फ्रँकलिनच्याच पदरात टाकले. या निरीक्षणातून विजेपासून घरांचे रक्षण करणारी सळई आली, आणि तिच्या टोकावरून लंडनमध्ये मोठा वाद पेटला. पर्फ्लीट येथील दारूगोळ्याच्या कोठारांना कशी सळई लावावी, हे ठरवण्यासाठी १७७२ साली रॉयल सोसायटीची समिती नेमली गेली. बहुमत टोकदार सळईच्या बाजूने होते. बेंजामिन विल्सन हा चित्रकार-शास्त्रज्ञ एकटा सांगत राहिला की टोक वीज ओढवून घेते, म्हणून वर गोल गोळा हवा. १७७७ च्या मे महिन्यात पर्फ्लीटच्या एका इमारतीवर वीज पडलीच. तोवर अमेरिका बंड करून उठली होती, फ्रँकलिन बंडखोरांचा पुढारी होता, आणि तिसऱ्या जॉर्ज राजाने आपल्या वाड्यावरच्या टोकदार सळया काढून गोळे बसवायला लावले. राजकारण बाजूला ठेवले तर दोन्ही पक्षांकडे सत्याचा एकेक तुकडा होता. टोक वीज सांडते आणि गोळा वीज धरतो. हवे तेव्हा धरायचे आणि हवे तेव्हा सोडायचे, हे दोन्ही ज्याला साधायचे आहे, त्याला दोघांचेही ऐकावे लागते.

त्या समितीत आणखी एक सदस्य होता, अत्यंत अबोल आणि अत्यंत श्रीमंत: हेन्री कॅव्हेंडिश. टॉपलोड मोजण्याची कला त्याच्यापासून सुरू होते, आणि माझ्या मते तिच्या इतिहासातले सर्वांत श्रीमंत पान हेच आहे. १७७१ ते १७७३ या काळात कॅव्हेंडिशने लंडनच्या घरात एकट्याने एक प्रश्न धसाला लावला. वेगवेगळ्या आकारांच्या वस्तू एकाच तारेने जोडून विजेने भरल्या, तर कोणती वस्तू किती वीज घेते? त्या वेळी ना धारितेचे एकक होते, ना विद्युतदाबाची स्पष्ट कल्पना. कॅव्हेंडिशने कथलाचा वर्ख लावलेला १२.१ इंच व्यासाचा एक गोळा प्रमाण म्हणून धरला आणि चकत्या, चौरस पत्रे, नळकांडी, तारा या सर्वांची त्याच्याशी तुलना केली. पत्रे सरकवून ज्याचे क्षेत्रफळ कमी-जास्त करता येई अशी एक जोडी त्याने तयार केली होती. आधी तिचा गोळ्याशी तोल साधायचा, मग गोळ्याच्या जागी नवी वस्तू ठेवून पुन्हा तोल साधायचा. तोल साधला की नाही, हे दोऱ्यांवर टांगलेले भेंडाचे दोन गोळे सांगत. निकाल तो इंचांत लिही: ही चकती अमुक इंच व्यासाच्या गोळ्याइतकी वीज धरते. एखाद्या वस्तूची धारिता म्हणजे तिच्या तोलामोलाच्या गोळ्याचा आकार, ही कल्पना इतकी नेमकी निघाली की आजही हिशेब तिच्यावरच चालतो.

कॅव्हेंडिशने यातले फार थोडे छापले. वह्या कपाटात पडून राहिल्या. १८४९ साली तरुण विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, प्लिमथला वीज-अभ्यासक स्नो हॅरिसकडे गेला असताना त्याला ती हस्तलिखिते पाहायला मिळाली. तिथे एक आकडा होता. समान व्यासाचा गोळा आणि पातळ गोल चकती यांच्या धारितांचे गुणोत्तर कॅव्हेंडिशने १.५७ काढले होते. गणिती सिद्धान्त ते पायचे निम्मे, म्हणजे १.५७१ असल्याचे सांगत होता, आणि तो सिद्धान्त कॅव्हेंडिशच्या मृत्यूनंतर जन्माला आला होता. भेंडाच्या गोळ्यांवर नजर ठेवून एका माणसाने शतकाच्या तीन चतुर्थांश आधी तिसऱ्या अंकापर्यंत बरोबर उत्तर काढावे, याचे थॉमसनला केवढे अप्रूप वाटले असेल! त्या वह्या संपादित करून छापण्याचे काम जेम्स क्लार्क मॅक्सवेलने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत अंगावर घेतले. कॅव्हेंडिशने केलेले कितीतरी प्रयोग त्याने स्वतः करून पडताळले. ग्रंथ १८७९ च्या ऑक्टोबरात निघाला आणि पुढच्याच महिन्यात मॅक्सवेल वारला. तोपर्यंत सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत धारिता थेट सेंटीमीटरमध्ये सांगण्याचा प्रघात पडला होता. एकट्या गोळ्याची धारिता म्हणजे त्याची त्रिज्या. आजच्या भाषेत एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे १.११ पिकोफॅरड. कॅव्हेंडिशच्या १२.१ इंची गोळ्याची त्रिज्या जवळजवळ १५.४ सेंटीमीटर, म्हणून धारिता सुमारे १७ पिकोफॅरड. हा आकडा आपण लक्षात ठेवू, तो पुन्हा भेटणार आहे.

इथवर वीज माथ्यावर बसून होती. ती झुलायला लागली तेव्हा टॉपलोडला नवे काम मिळाले. थॉमसननेच १८५३ साली गणिताने दाखवले की साठवलेली वीज तारेच्या गुंडाळीतून सुटताना एकदाच वाहून संपत नाही, ती पुढे-मागे आंदोलने घेते, आणि त्या आंदोलनांची वारंवारता गुंडाळीचे प्रवर्तन (इंडक्टन्स) व साठवणीची धारिता या दोघांवर ठरते. धारिता चौपट केली तर वारंवारता निम्मी होते. आता माथ्यावरचा गोळा सूर ठरवू लागला. कार्लस्रूहमध्ये १८८६ ते १८८८ या वर्षांत हाइनरिख हर्ट्झने मॅक्सवेलने भाकीत केलेल्या विद्युतचुंबकीय लहरी पकडल्या, तेव्हा त्याच्या एका उपकरणात सरळ तारेच्या दोन टोकांना जस्ताचे ३० सेंटीमीटर व्यासाचे गोळे होते. गोळे तारेवर सरकवून तो सूर जुळवत असे. आणि इथेच टॉपलोडच्या मोजमापाच्या इतिहासातली सर्वांत नामांकित चूक घडली. हर्ट्झने हिशेबात धारिता १५ सेंटीमीटर, म्हणजे एका गोळ्याची त्रिज्या, अशी धरली. वास्तविक त्याच्या रचनेत दोन गोळे एकमेकांसमोर होते, त्यामुळे हिशेबात ७.५ सेंटीमीटरच यायला हवे होते. ही गफलत फ्रान्सच्या आंरी प्वांकारेने दाखवली, आणि हर्ट्झने आपल्या संग्रहित लेखांत ती नावानिशी मान्य केली. काढलेला आंदोलनकाल दोनाच्या वर्गमूळाइतका चुकला होता. गोळा किती मोठा, याबरोबरच तो कशाच्या समोर आहे, हेही विचारावे लागते, हा धडा आजच्या कॉइल बांधणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. जाता जाता एवढे नोंदवू की ३० सेंटीमीटरच्या गोळ्याची धारिता पुन्हा जवळपास १७ पिकोफॅरडच आहे. घराच्या खोलीत मावणारा आणि तरीही परिणाम दाखवणारा गोळा घ्यायचा, तर लंडन असो की कार्लस्रूह, हात त्याच मापावर जातात.

टेस्लाने हर्ट्झच्या प्रयोगांची वार्ता ऐकून स्वतःची वाट धरली. २० मे १८९१ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात त्याने जे व्याख्यान दिले, त्यात उच्च वारंवारतेच्या विजेचे खेळ पाहून श्रोते थक्क झाले. पुढच्याच महिन्यात त्याचे पेटंटही मंजूर झाले. माथ्याचा प्रश्न त्याला खऱ्या अर्थाने भिडला तो कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये. १ जून १८९९ ते ७ जानेवारी १९०० या काळातली त्याची रोजनिशी १९७८ साली बेलग्रेडमध्ये छापली गेली. ती वाचताना आपल्याला एक निराळा टेस्ला भेटतो. वर्तमानपत्रांतला जादूगार तिथे नाही, आहे तो रोज हिशेब मांडणारा, तारेचे वेढे बदलणारा, पुन्हा मोजणारा अभियंता. १४२ फूट उंच खांबाच्या टोकावर त्याने ३० इंच व्यासाचा गोळा चढवला होता. त्याची धारिता तो ३८.१ सेंटीमीटर मांडतो, म्हणजे नेमकी त्रिज्या, कॅव्हेंडिशचाच वारसा. पण गोळा वर-खाली केला की मोजलेली धारिता बदलते, हे त्याला दिसले, आणि त्या बदलाचा पाठपुरावा तो पुनःपुन्हा करत राहिला. मोकळ्या अवकाशातल्या गोळ्याचे सूत्र आणि खांब, तारा, छप्पर, जमीन यांच्या सान्निध्यातला खरा गोळा यांत अंतर असते. प्वांकारेने कागदावर दाखवलेले ते टेस्लाने माळरानावर अनुभवले.

तिथून परतल्यावर त्याने १९०१ पासून लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारला. जे. पी. मॉर्गनचे दीड लाख डॉलर, स्टॅनफर्ड व्हाइटची वास्तुरचना, १८७ फूट उंची आणि माथ्यावर ६८ फूट व्यासाचा घुमटाकार सांगाडा. पैसा संपला, १९१७ साली मनोरा पाडला गेला. पण त्या माथ्यामागचा विचार एका पेटंटात शिल्लक आहे. १८ जानेवारी १९०२ रोजी अर्ज, मंजुरी थेट १ डिसेंबर १९१४ रोजी. त्यात टेस्ला स्पष्ट मांडतो की विद्युतदाबाची मर्यादा पृष्ठभागाच्या वक्रतेवर ठरते. म्हणून मोठ्या चौकटीवर, मोठ्या वक्रतात्रिज्येचे अनेक अर्धगोल पत्रे जवळजवळ बसवावेत. त्या आकृतीतला माथा गोळा नाही, ते भले मोठे कडे आहे. भरपूर धारिता आणि कमी गळती, बोसची नळी आणि हॉपकिन्सनची सुई, या दोन गोष्टींचा एकाच वस्तूत जाणीवपूर्वक मेळ घातलेला मला तरी इथे पहिल्यांदा दिसतो. कड्याचा आणखी एक गुण असा की ते कॉइलच्या वरच्या वेढ्यांवर छत्रासारखे पसरते. तिथले विद्युतक्षेत्र मंदावते, आणि ठिणगी तारेवरून फुटण्याऐवजी कड्याच्या बाहेरच्या कडेवरून, कॉइलपासून दूर सुटते.

वक्रतेच्या प्रश्नाला आकडे मिळाले ते वीजवाहिन्यांच्या गरजेतून. जनरल इलेक्ट्रिकमधल्या एफ. डब्ल्यू. पीकने तारांभोवती जांभळी प्रभा केव्हा उमटते, म्हणजे कोरोना केव्हा सुरू होतो, याची मोजमापे करून १९१५ साली ग्रंथ सिद्ध केला. साधारण तापमानाला, समुद्रसपाटीच्या दाबाला हवा दर सेंटीमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट सोसते, आणि हवा विरळ झाली की ही ताकद त्याच प्रमाणात घटते. १९२९ नंतर रॉबर्ट व्हॅन डी ग्राफने पट्ट्यावरून वीज वाहून पोकळ गोळ्यात भरण्याची युक्ती काढली आणि १९३३ पर्यंत राउंड हिल येथे १५ फूट व्यासाच्या ॲल्युमिनिअमच्या गोळ्यांपर्यंत मजल मारली. त्या घराण्याची एक शाखा आपल्या महाराष्ट्रात आहे. ट्रॉम्बेला १९६२ साली ५५ लाख व्होल्टचे व्हॅन डी ग्राफ यंत्र सुरू झाले, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ३० डिसेंबर १९८८ रोजी १ कोटी ४० लाख व्होल्टचे पेलेट्रॉन. अशा यंत्रांची भारित टोके हवेत न ठेवता दाबाखालच्या वायूने भरलेल्या टाकीत बंदिस्त ठेवतात, कारण उघड्या हवेत तेवढ्या दाबासाठी काही मीटर त्रिज्येचा गोळा लागला असता. दुसरी शाखा तर संभाजीनगरच्या शिवारातून जाते. वर्ध्याहून इथवर आलेली पारेषण वाहिनी ४०० किलोव्होल्टसाठी चालवली गेली, तरी पुढे १२०० किलोव्होल्टवर नेता यावी अशा बेताने उभारली आहे. अशा वाहिन्यांवर एका जाड तारेऐवजी तारांचा जुडगा असतो, आणि विद्युतरोधकांच्या माळेच्या टोकाशी धातूचे गुळगुळीत कडे. अनेक लहान पृष्ठभाग मिळून एका मोठ्या वक्रतेचे काम करतात, ही टेस्लाच्या १९१४ च्या पेटंटातली कल्पना आणि तो जुडगा यांचे तत्त्व एकच. मनोऱ्याखालून जाताना मान वर केली तर आपला टॉपलोड तिथे टांगलेला दिसतो.

घरगुती कॉइलच्या बाजूने राहिलेले दुवे रेडिओच्या विद्येने पुरवले. एका थराच्या गुंडाळीचे प्रवर्तन काढण्याचे सोपे सूत्र हॅरल्ड व्हीलरने १९२८ साली दिले. गुंडाळीची स्वतःचीच धारिता किती, हे आर. जी. मेडहर्स्टने १९४७ साली मोजून कोष्टकात मांडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस छंद म्हणून कॉइल बांधणाऱ्यांनी दाराच्या मुठीएवढे गोळे सोडून पुन्हा कड्याची वाट धरली, कारण तेवढ्याच वीजपुरवठ्यात ठिणग्या लांबू लागल्या. कड्यासाठी त्यांच्यात एक अनुभवसिद्ध सूत्र रूढ झाले. मापे इंचांत घ्यायची. नळीच्या व्यासाला बाहेरच्या व्यासाने भागून तो भागाकार १.२७८१ मधून वजा करायचा आणि बाकीला २.८ ने गुणायचे. मग बाहेरच्या व्यासातून नळीचा व्यास वजा करून, त्याला नळीच्या व्यासाने आणि पायच्या एक चतुर्थांशाने गुणून वर्गमूळ काढायचे. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पिकोफॅरड.

आता आपली कॉइल घेऊ. ११० मिलिमीटरच्या पाइपवर ०.४ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचे १००० वेढे, उंची सुमारे ४५ सेंटीमीटर. व्हीलरच्या सूत्राने प्रवर्तन सुमारे २३.८ मिलिहेन्री, मेडहर्स्टच्या कोष्टकाने स्वतःची धारिता सुमारे ८ पिकोफॅरड, म्हणून माथा उघडा असताना वारंवारता ३६५ किलोहर्ट्झच्या आसपास. माथ्यावर बाहेरून ४० सेंटीमीटरचे, १० सेंटीमीटर जाड नळीचे कडे ठेवले तर वरच्या सूत्राने १७.४ पिकोफॅरड. कॅव्हेंडिशचा गोळा आणि हर्ट्झचा गोळा, त्यांचाच हा तिसरा भाऊ. वारंवारता उतरून २०५ किलोहर्ट्झवर येते. त्या जागी ४० सेंटीमीटरची सपाट परात ठेवली, तर कॅव्हेंडिशच्या १.५७ ने भागून सुमारे १४ पिकोफॅरड मिळतात. धारितेच्या दृष्टीने परात कड्यापेक्षा फार मागे नाही. परंतु तिची कड हॉपकिन्सनच्या सुईसारखी वागते, दाब चढण्याआधीच तिथून वीज सुसाट गळते. नुसती धारिता मोजून टॉपलोड निवडणाऱ्याची फसगत इथे होते. उलट टोकही आहे. दोन वाडग्यांचा ३१ सेंटीमीटरचा गोळा घेतला तर धारिता कड्याइतकीच, पण त्याच्या पृष्ठभागावरून हवा फोडायला ४ लाख ७० हजार व्होल्ट लागतात. कॉइलला वीज पुरवणारे १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर १५ हजार व्होल्टला भरून प्राथमिक गुंडाळीत सोडले आणि ऊर्जेचा कणही वाया गेला नाही, तरी या माथ्यावर जेमतेम ३ लाख व्होल्ट उभे राहतात. गोळा गप्पच बसतो. म्हणून बांधणारे मोठ्या माथ्यावर मुद्दाम एक लहानसे टोक उभे करतात आणि त्याला ‘ब्रेकआउट पॉइंट’ म्हणतात. विल्सनचा गोळा आणि फ्रँकलिनचे टोक १७७७ नंतर इथे एकत्र नांदतात.

हिशेब कागदावर राहू नये म्हणून प्रत्यक्ष मोजायचे. मल्टिमीटरच्या धारितेच्या खुंटीला हे काम होत नाही. कपॅसिटरला दोन पाट्या लागतात, आणि टॉपलोडची दुसरी पाटी म्हणजे आजूबाजूची जमीन, भिंती आणि छत. कॅव्हेंडिशची अदलाबदलीची रीतच इथे सर्वांत खात्रीची. कॉइलच्या तळाला सिग्नल जनरेटर जोडून काही व्होल्टचा संकेत द्यावा, दूर ठेवलेल्या लहानशा तारेवर ऑसिलोस्कोपने लहर पाहावी, आणि लहर सर्वांत उंच होईल ती वारंवारता टिपावी. आधी माथा उघडा, मग टॉपलोड चढवून. दोन वारंवारतांच्या भागाकाराचा वर्ग करून त्यातून एक वजा करावा आणि गुंडाळीच्या स्वतःच्या धारितेने गुणावे, टॉपलोडची खरी धारिता हाती येते. प्रोब मात्र माथ्याला कधीही लावू नये, कारण प्रोबची स्वतःची धारिता १०-१५ पिकोफॅरड असते. आपण १७ मोजायला निघालो आणि मोजणारे हत्यारच त्याच्या बरोबरीचे निघाले, असे होते. सिडकोतल्या एखाद्या घराच्या खोलीत मोजाल, तर स्लॅबमधल्या सळयांमुळे वारंवारता खाली येईल. तीच कॉइल गच्चीवर नेलीत तर ती वर चढेल. दोन आकडे वेगळे आले म्हणून मोजणी चुकली असे समजू नये. कॉइल जिथे चालवायची, तिथेच मोजावी. आणि हे सारे मोजकाम अल्प दाबावरच उरकावे, कारण एकदा मेनच्या विजेवरचा ट्रान्सफॉर्मर आणि भरलेले कपॅसिटर जोडले, की त्यांच्याजवळ हात नेणे थेट जिवावर बेतते.

एक हिशेब या शहराचा स्वतःचा आहे. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवर आहे, त्यात मे महिन्यात दुपारचा पारा ४० अंशांवर जातो. पीकच्या नियमाने त्या हवेची ताकद प्रमाण हवेपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरते, ३० हजारांच्या जागी दर सेंटीमीटरला २६ ते २७ हजार व्होल्ट. किनाऱ्यावर बांधलेल्या कॉइलची मापे जशीच्या तशी उचलली, तर इथे ठिणगी थोडी आधी फुटते, म्हणून कड्याची नळी एका मापाने जाड घेतलेली बरी. शेवटी, ठिणगी सुटली की ती स्वतःही वाहक होऊन माथ्याची धारिता वाढवते, आणि शांतपणे मोजलेली वारंवारता चालत्या कॉइलमध्ये आणखी खाली सरकते. म्हणून प्राथमिक गुंडाळीवरचा टॅप, म्हणजे तिची जोडणीची जागा, मोजलेल्या जागेपेक्षा अर्धा वेढा बाहेर लावून सुरुवात करावी आणि, दरवेळी पुरवठा तोडून, कपॅसिटर रिकामे करून, थोडा थोडा सरकवत पाहावा.